जीप : गरज, हौस आणि रुबाब

पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सकाळच्या गर्दीत हल्ली एक दृश्य हमखास दिसते. सिग्नलपाशी अडकलेल्या वाहनांच्या रांगेत एखादी उंच, दणकट गाडी उभी असते. तिचे टायर रुंद आणि खोल खाचांचे असतात. बॉनेटच्या कडेने थेट छतापर्यंत एक नळकांडे गेलेले असते. नदी ओलांडताना पाण्याची पातळी वाढली तरी इंजिनाला हवा मिळत राहावी, हा त्याचा उद्देश. पुढच्या बाजूस पोलादी दोर गुंडाळलेले चक्र असते. गाडी चिखलात रुतली तर झाडाला दोर बांधून तिला ओढून काढता यावे म्हणून. एवढ्या जय्यत तयारीनिशी ही गाडी निघालेली असते ती कचेरीला. सायंकाळी ती त्याच रस्त्याने घरी परतते. वर्षभरात तिला नदी भेटत नाही, चिखलही क्वचितच भेटतो.

त्याच वेळी सह्याद्रीच्या एखाद्या घाटवाटेवर तीस वर्षांची एक जुनी जीप फाटक्या ताडपत्रीखाली दुधाच्या किटल्या, शाळकरी मुले आणि बाजाराला निघालेल्या बायाबापड्या घेऊन चढण चढत असते. दोन्ही वाहनांचे कूळ एक आहे. लोक दोघांनाही सरसकट ‘जीप’च म्हणतात. परंतु एकीच्या मागे गरज आहे आणि दुसरीच्या मागे हौस. ही हौस कोठून येते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न केवळ मोटारशौकिनांपुरते राहिलेले नाहीत. ज्याच्या दारी कोणतेच वाहन नाही, त्याच्याशीही त्यांचा संबंध आहे.

युद्धातून शेतावर

जीपचा जन्म गरजेतून झाला. १९४० साली युरोपात युद्ध भडकले असताना अमेरिकी लष्कराला हलके, काटक आणि चारही चाकांवर चालणारे वाहन हवे होते. नमुना तयार करण्यासाठी अवघ्या ४९ दिवसांची मुदत होती. अमेरिकन बँटम या छोट्या कारखान्याने ती पाळली. पुढे मात्र उत्पादनाचे मोठे काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांकडे गेले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. सुमारे एक टन वजनाच्या या गाडीत शोभेची एकही वस्तू नव्हती. पुढची काच आडवी पाडता येई, दारे नव्हतीच आणि रणांगणावर सामान्य शिपायाला दुरुस्त करता यावे इतके तिचे यंत्र सुटसुटीत होते.

युद्ध संपल्यावर याच गाड्या शेतावर राबू लागल्या. इंग्लंडमधील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर अशीच एक युद्धातून उरलेली जीप होती. तिच्याकडे पाहूनच त्यांना नव्या वाहनाची कल्पना सुचली आणि १९४८ साली लँड रोव्हर जगापुढे आली. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. त्या काळच्या काही गाड्या दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून संदकफूच्या चढणीवर प्रवासी वाहून नेताना आजवर पाहावयास मिळाल्या आहेत. एखादे यंत्र इतकी वर्षे का टिकते, याचे उत्तर त्याच्या साधेपणात आहे.

भारतात जीप आली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ साली कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्र बंधू व मलिक गुलाम महंमद यांनी एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. स्वातंत्र्याच्या आगेमागे विलीज जीपचे सुटे भाग बोटीने आणून त्यांची जुळणी माझगावात होऊ लागली. पुढची कित्येक दशके ग्रामीण भारतात ‘सरकार’ या शब्दाला चाके होती ती जीपचीच. गटविकास अधिकाऱ्याची पाहणी, फौजदाराचा पंचनामा, देवीची लस, दुष्काळी कामांवरची हजेरी आणि निवडणुकीच्या मतपेट्या, सारे काही जीपनेच गावात पोचले. तहसील कचेरीतील कारकुनाने मागच्या आडव्या बाकावर धूळ खात फायली सांभाळल्या, त्या याच गाडीत. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ नावाने जी प्रवासी वाहतूक फोफावली, तीही जीप आणि तिच्या भाईबंदांच्या जोरावर. जेथे एस.टी. दिवसातून एकदा येते, तेथे वाडीवरच्या शाळेत वेळेवर पोचणाऱ्या शिक्षकाला विचारले, तर तो वडापचेच उपकार सांगेल.

जुन्या गाडीचा लळा

आता रस्ते सुधारले आहेत. गरज ओसरल्यावर वाहनही जावे, हा व्यवहार झाला. परंतु जुनी जीप गेली नाही. लष्कराच्या लिलावात निघालेली, कोणा शेतकऱ्याच्या गोठ्यात कोंबड्यांचे खुराडे होऊन पडलेली जीप शोधून काढून, वर्षभर खपून, तिला पुन्हा चालती करणारी माणसे आजही गावोगावी आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, बागाईतदार आहेत, निवृत्त सैनिक आहेत आणि पगारातून महिन्याला एकेक सुटा भाग विकत घेणारे नोकरदारही आहेत.

त्यांना या गाडीत काय मिळते? आराम तर नाहीच. कमानपाट्यांवर बसविलेली ही गाडी प्रत्येक खड्डा पाठीला कळवते. पावसाळ्यात ती आतून भिजते, उन्हाळ्यात तापते. मिळते ते निराळेच. या गाडीचे बॉनेट उघडले की आतली प्रत्येक वस्तू दिसते आणि ती काय काम करते हे समजते. जुन्या बाजारातून भाग मिळतो. न मिळाल्यास लेथवर करून घेता येतो. बिघाड आवाजावरून ओळखणारा मिस्त्री आणि मालक यांच्यात गुरुशिष्याचे नाते जुळते. वापरातील बहुतेक यंत्रे माणसाला अगम्य होत चालली असताना, एक तरी यंत्र आपल्याला पूर्णपणे कळते याचे समाधान मोठे असते. जुन्या जीपचा मालक हा केवळ मालक राहत नाही. त्याला तिचा जाणकार व्हावेच लागते. शिवाय अशा गाडीभोवती आठवणी असतात. वडिलांनी जिच्यात चालविणे शिकविले, ती गाडी भंगारात घालताना हात थरथरतो, हे समजण्यासारखे आहे.

तथापि या लळ्याचे उदात्तीकरणही नको. जुन्या जीपमध्ये हवेच्या पिशव्या नाहीत, अनेकींत सुरक्षापट्टाही नाही. तिचा धूर आजच्या मापाने अक्षम्य आहे. दोन रविवारी फिरविण्यापुरती ती ठेवणे वेगळे आणि तिच्यात पंधरा माणसे कोंबून घाट उतरणे वेगळे. वडापच्या चालकाला जुनी गाडी लळ्यापोटी नव्हे, तर नवी परवडत नाही म्हणून चालवावी लागते, हे विसरता येत नाही.

नव्या गाडीची भुरळ

नव्या गाडीची कथा निराळी आहे. २०१० साली महिंद्र कंपनीने ‘थार’ आणली ती जुन्या जीपचा वारसा सांगत. २०२० साली तिचा नवा अवतार आला आणि खऱ्या अर्थाने मागणी उसळली. २०२४ साली पाच दारांची थारही आली. या वाहनांचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते ते चारही चाकांना शक्ती देणारे यंत्र. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो. येथे एक दांडा ओढला की तो चारही चाकांना मिळतो, आणखी एक टप्पा बदलला की वेग घटून ओढ वाढते. गंमत अशी की, या जातीच्या बहुतेक गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर हे यंत्र बंदच ठेवावे लागते. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि त्याचा ताण गिअरांवर येतो. म्हणजे ज्या गुणासाठी गाडी घ्यावयाची, तो गुण शहरात वापरताच येत नाही.

मग ती का घेतली जाते? बाजाराने याचे उत्तर अत्यंत प्रांजळपणे दिले आहे. २०२३ च्या जानेवारीत केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारी थार स्वस्तात विक्रीस आली. पाच दारांची थार बाजारात आली तेव्हा तिच्या पेट्रोल प्रकारांत चार चाकांची सोयच नव्हती. ती काही डिझेल प्रकारांपुरती ठेवलेली होती. त्याच सुमारास, २०२३ च्या जूनमध्ये, मारुतीची जिम्नी आली. ती हलकी, अरुंद आणि प्रत्येक प्रकारात चार चाकांवर चालणारी. म्हणजे गुणाने जुन्या जीपच्या अधिक जवळची. मात्र ग्राहकांनी थारला दिलेला प्रतिसाद तिला मिळाला नाही. रूप हवे, गुण नसला तरी चालेल, असाच याचा अर्थ निघतो.

केवळ दिखाऊपणा म्हणून या ग्राहकाला हिणवणे मात्र अन्यायाचे होईल. दिवसभर एका खुर्चीला खिळलेल्या माणसाला ही गाडी एक शक्यता विकते. मनात आले तर शनिवारी पहाटे निघून डांबर संपते तेथून पुढे जाता येईल, ही ती शक्यता. बहुतेक शनिवारी तो जात नाही; पण जाता येईल, या जाणिवेवर आठवडा सोसता येतो. घरात न वाचलेल्या पुस्तकांचे कपाट बाळगणाऱ्या सुशिक्षिताने तरी या भावनेला हसू नये. त्यात खड्ड्यांची भर आहे. नगरपालिकेने रस्ताच असा ठेवला असेल, तर उंच गाडी घेणाऱ्या नागरिकाचे सर्वस्वी चुकले असेही म्हणता येत नाही. पण याच्या जोडीला तिसरी गोष्टही आहे, आणि ती म्हणजे रुबाब. उंचावर बसलेल्या चालकाला इतर वाहने खाली दिसतात, इतर वाहने त्याला वाट देतात. ग्रामीण भारतात जीप येणे म्हणजे सत्ता येणे, हे समीकरण तीन पिढ्यांच्या मनात मुरलेले आहे. नव्या गाडीचा मालक, कळत वा नकळत, ते समीकरणही विकत घेत असतो.

किंमत कोणाची?

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. तिची किंमत मात्र असते आणि ती दर वेळी हौस करणाराच देतो असे नाही. सपाट आणि उंच नाकाची जड गाडी पादचाऱ्याला पायांवर नव्हे, तर कमरेवर वा छातीवर धडकते. चालकाला अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल दिसतच नाही. शाळा सुटण्याच्या वेळी अरुंद रस्त्यांवर ही उंची हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

शहराबाहेरही तीच गत. ‘जेथे रस्ता नाही तेथे’ हे शब्द जाहिरातीत मोहक वाटतात. पण रस्ता नाही म्हणजे तेथे काहीच नाही, असे नसते. जागतिक वारशात २०१२ साली स्थान मिळालेल्या कासच्या पठारावर आणि कोकणच्या सड्यांवर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळी फुलांचे सारे आयुष्य तेवढ्या थरात सामावलेले असते. एका चाकाची रूत तेथे पाण्याची वाट बदलून टाकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे उघड्यावर आहेत. वेळास-गुहागरच्या वाळूखाली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. २०२४ च्या जूनमध्ये कच्छमधील मुंद्रा येथे समुद्रात घातलेल्या दोन गाड्या भरतीत अडकल्या. हौशी मंडळींच्या फजितीवर तेव्हा सारा देश हसला. परंतु गाड्या तेथे गेल्याच कशा, हा प्रश्न हसण्यावारी गेला.

जाणत्या हौशी मंडळींना हे कळत नाही असे नाही. मळलेली चाकोरी सोडू नये, ओल्या मातीत गाडी घालू नये, परवानगीवाचून खाजगी रानात शिरू नये, हे संकेत त्यांच्यात आहेत. प्रश्न आहे तो संकेतांना नियमांचे बळ देण्याचा.

कायद्याची सध्याची दृष्टी मात्र वेगळीकडेच लागलेली आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याचे शुल्क अलीकडे अनेक पटींनी वाढले आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी वारसा-वाहनाचा दर्जा दिला. पण त्या नित्य वापरास मनाई केली. म्हणजे पंधरा ते पन्नास या वयातील गाडी ना नवी, ना वारसा. वयापेक्षा प्रकृती पाहावी, हे तत्त्व माणसाप्रमाणे यंत्रालाही लावता येईल. धूर, ब्रेक आणि सांगाडा यांची कठोर परीक्षा घ्यावी. उत्तीर्ण होईल तिला रस्त्यावर येऊ द्यावे, न होईल तिला घरी बसवावे. उलट, कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीवर वाटेल ते साज चढविणाऱ्यांना आळा घालावा. मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. अंमलबजावणी तेवढी हवी. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारवाहनेही आहेत. त्या हक्काला खरा अर्थ यायचा असेल, तर आजची गाडीही तीस वर्षांनी एखाद्या तालुक्याच्या मिस्त्रीला उघडता आणि समजता आली पाहिजे.

आणि गरजेचे काय? घाटमाथ्यावरच्या वाडीला वेळेवर एस.टी. मिळाली, तर तेथली जुनी जीप आपोआप निवृत्त होईल. शहरातल्या रस्त्यावरचे खड्डे बुजले, तर उंच गाडीचे एक सबळ कारण संपेल. उरेल ती निखळ हौस. तिला समाजात जागा अवश्य असावी. मात्र ती पादचाऱ्याच्या अंगावर, कासवाच्या अंड्यांवर वा सड्यावरच्या फुलांवर नसावी. जीप रस्ता नसलेल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी निर्माण झाली होती. रस्त्यावरच्या माणसाला बाजूला सारण्यासाठी ती वापरली जाऊ लागली, तर तो यंत्राचा दोष नव्हे.