तांबड्या बेटावरील वीरबाला

मे महिन्यात रस्तोरस्ती फुलणारा गुलमोहर आणि कुंडीत बारमाही फुलणारी सदाफुली मराठी माणसाला इतकी आपली वाटतात, की ती परदेशी आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानीमनीही नसते. दोघांचे माहेर एकच. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात पसरलेले मादागास्कर. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषधही मूळचे सदाफुलीतलेच. जगाला एवढे देणाऱ्या या बेटाने १९५३ ते २०१४ या सहा दशकांत आपल्या नैसर्गिक जंगलापैकी सुमारे ४४ टक्के जंगल गमावले.

महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराच्या या बेटाच्या पूर्व अंगाला सह्याद्रीसारखीच एक उभी डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारे वारे तिला अडतात, पाऊस कोसळतो आणि तेथेच सदाहरित वर्षावन माजते. लेमूरच्या शंभराहून अधिक जाती फक्त या बेटावर आढळतात. रानोमाफाना येथील सोनेरी बांबू-लेमूरची ओळख तर शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात पटली आणि १९९१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

हे वन तोडते कोण? लाकूडमाफिया हे उत्तर सोपे आहे आणि ते काही अंशी खरेही आहे. २००९ च्या सत्तांतरानंतरच्या अंदाधुंदीत तेथील शिसवी व आबनुशी लाकडाची लूट झाली. मात्र वर्षावनाचा मोठा घास घेतला तो भाताने. कोकणात पूर्वी चालणाऱ्या कुमरी शेतीप्रमाणे डोंगरउतारावरील झाडे तोडून, जाळून, राखेत भात पेरण्याच्या पद्धतीला तेथे 'तावी' म्हणतात. भात हेच तेथील मुख्य अन्न. पूर्वी जमीन दीर्घकाळ पडीक ठेवली जाई आणि रान पुन्हा उभे राही. १९६० मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, देशाची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास होती. आज ती तीन कोटींवर गेली आहे. तेवढी उसंत आता जमिनीला मिळत नाही. उघड्या पडलेल्या उतारावरील तांबडी माती पावसात वाहून नद्यांत उतरते. बेत्सिबोका नदीचे लाल पाणी अवकाशातूनही दिसते. हा गाळ खालच्या भातखाचरांत साचला, की शेतकऱ्यास पुन्हा वरचे रान खुणावू लागते.

भाताच्या जोडीला चूल. देशातील दहांपैकी नऊहून अधिक घरांत स्वयंपाक लाकडावर किंवा लोणारी कोळशावर होतो. राजधानी अंतानानारिवोचा कोळसा बराचसा लागवडीच्या निलगिरीतून येतो. पश्चिमेकडील शहरांसाठी मात्र नैसर्गिक जंगल जळते. सरपण गोळा करणे, पाणी भरणे, भात कांडणे ही कामे मुख्यतः बायका-मुलींच्या वाट्याची. रान जितके दूर सरकते, तितकी मोळीची वाट लांबते आणि शाळेचा वेळ आखूड होतो. म्हणून मादागास्करमधील पर्यावरणाचा प्रश्न हा मुलींचाही प्रश्न ठरतो.

गाईड चळवळीचे महत्त्व येथे आहे. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील बालवीर मेळाव्यास काही मुली अनाहूतपणे हजर झाल्या. त्यातून पुढल्याच वर्षी मुलींची स्वतंत्र संघटना उभी राहिली. मादागास्करमध्ये ती चर्चच्या आश्रयाने रुजली. 'म्पानाझावा' ही प्रॉटेस्टंट मुलींची संघटना. नावाचा अर्थ 'उजेड देणारी'. कॅथलिक मुलींच्या संघटनेच्या नावात 'फानिलो', म्हणजे पलिता, आहे. या संघटनांचा महासंघ गाईडच्या जागतिक संघटनेचा सदस्य आहे. त्याच जागतिक संघटनेचे 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे, हे पुणेकरांना सांगायला नको.

गाईडच्या शिक्षणाचा गाभा व्याख्यानात नाही, टोळीत आहे. सहा-आठ मुलींची टोळी, तिची नायिका, आणि करून पाहिल्याखेरीज न मिळणारा बिल्ला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेल्या जंगल, माती, पाणी, हवामानबदल या विषयांवरील बिल्ल्यांची रचनाही अशीच आहे. आधी आपल्या परिसरात पाहायचे, मग समजून घ्यायचे, शेवटी गावासाठी काही करायचे. २०१८ नंतर मुलींच्या पोषणाविषयीचा जागतिक संघटनेचा उपक्रम ज्या चार देशांत राबविला गेला, त्यांत फिलिपिन्स, श्रीलंका व टांझानियाबरोबर मादागास्करही होता. पोषणाचा जंगलाशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या घरात ताटभर भात हेच जेवण आहे, तेथे परसातली भाजी आणि कडधान्य हे मुलीच्या रक्तक्षयावरचे उत्तर असते; आणि डोंगरावरील भाताचा भार थोडा हलका करण्याचा तो एक मार्गही असतो.

अर्थात बिल्ल्याने भूक भागत नाही. पर्यायी जमीन, खत, सिंचन आणि स्वस्त इंधन मिळाल्याशिवाय कोणी शेतकरी मुलीचे ऐकून कोयती खाली ठेवणार नाही, आणि त्याने ती ठेवावी अशी अपेक्षा करणे हा शहरी भाबडेपणा होय. दुसरीकडे, सरकारी वृक्षारोपणाचा अनुभव आपल्याला नवा नाही. मादागास्करने स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षी, २०२० मध्ये, सहा कोटी रोपांचा संकल्प सोडला. १९ जानेवारीस अंकाझोबे येथे एका दिवसात दहा लाख रोपे लावण्याची मोहीम झाली. रोप लावायला क्षण पुरतो. गुरे, वणवा आणि चक्रीवादळ यांतून ते तगवायला वर्षे लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या बात्सिराई वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि शेते, घरे उद्ध्वस्त केली. दरवर्षी त्याच वाटेने गावात वावरणारी, रोप मेले तर दुसरे लावणारी कोणीतरी लागते. हे काम टोळी करू शकते, समारंभ नाही.

पूर्वेकडील सहा राष्ट्रीय उद्यानांतील वर्षावनांना युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि लाकूडतोडीमुळे २०१० मध्ये त्यांना धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले. जुलै २०२५ मध्ये त्यांचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. उद्यानांच्या हद्दीबाहेरील रानाला मात्र असा कोणताच दर्जा नाही, आणि मोळीसाठी मुली जातात त्या बहुधा तेथेच.