पिशवी ओतण्याआधी बघा

पोटाचे ऑपरेशन झाले की खाटेखाली बहुतेक दोन पिशव्या लटकतात. एक लघवीची, दुसरी पोटातून काढलेल्या नळीची, म्हणजे ड्रेनची. नातेवाईक दोन्ही सारख्याच समजतात आणि भरली की मोरीत ओततात. मोजायच्या दोन्ही असतात. पण ड्रेनचे पाणी न बघता ओतले, तर पोटात काय चालले आहे त्याची खबरच वाहून जाते.

वरून टाके कोरडे असतात, तेव्हाही आत रक्त साचत असू शकते. पहिल्या दिवशी नळीतले पाणी लालसर, मग गुलाबी, पुढे पिवळसर आणि रोज कमी होत जाते. हा क्रम उलटला की सावध व्हा. पिवळसर पाणी पुन्हा लालभडक झाले, तासाभरात १०० मिलीच्या आसपास रक्त आले, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सिस्टरला बोलवा. हिरवे म्हणजे पित्त, तपकिरी व घाण वासाचे म्हणजे आतड्यातले, दाट असेल तर पू. नाकातल्या नळीतून हिरवे येते, ते जठरातले. त्याला घाबरू नका. पोटाच्या नळीतून मात्र ते यायला नको (पित्तनलिकेत मुद्दाम ठेवलेली नळी वेगळी). आतड्याचा जोड गळायचा तर बऱ्याचदा पाचव्या ते सातव्या दिवशी गळतो. पेशंट चहापाणी घेऊ लागलेला असतो आणि घरचे निर्धास्त झालेले असतात.

नळी एकाएकी कोरडी पडली म्हणून खूश होऊ नका. ती अंगाखाली दबली असेल, मुडपली असेल, रक्ताच्या गाठीने बुजली असेल. पिशवी रिकामी, पण पोट फुगलेले, कडक, ताप, नाडी जलद, लघवी कमी, असे दिसले तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आपली माणसे इथेच बिचकतात. साहेब रागावतील म्हणून सकाळच्या राउंडची वाट बघतात. काहींना त्या पाण्याची किळस येते. पोटाच्या विकाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले होते, आणि विनयपिटकात शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत मलमूत्राची किळस न बाळगणे हाही गुण सांगितला आहे.

एक वही ठेवा: वेळ, मिली, रंग. पिशवी पोटाच्या पातळीखाली असावी, जमिनीला टेकू नये. खामगावहून पेशंट अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात न्यायचा झाला, तर निघण्याआधी पाणी मोजून लिहून घ्या आणि ती वही तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या.