उन्हाचा जमाखर्च

सोलापूरकराला ऊन म्हणजे काय, हे सांगायला नको. तेच ऊन आता छपरावरून वीज होऊन घरात उतरतं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि सौर पॅनेलची चर्चा गल्लोगल्ली पोचली. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस, पण शेजारी मलाही विचारतात, “पॅनेलबरोबर बॅटरी घ्यावी का?” प्रश्न कर्जाचा असतो. अंदाजाने उत्तर देऊन कसं चालेल?

अशा वेळी अभियंते सिम्युलेशन करतात. सिम्युलेशन म्हणजे संगणकावरची रंगीत तालीम. वर्षाचे 8760 तास एकेक करून मांडायचे. त्या तासाला सूर्याने किती दिलं, घराने किती वापरलं, उरलं ते बॅटरीत गेलं की महावितरणच्या तारेत, कमी पडलं ते कुठून आणलं? दर तासाचा जमाखर्च जुळलाच पाहिजे.

आधी जमा पाहू. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिट देतं. तीन किलोवॅटचं 12. पण पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानावर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते. आपल्या मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं, तर 16 टक्के गेले! प्रकाश हवा, पण ताप नको, असं त्याचं आहे.

आता खर्च. समजा, घराला रोज 10 युनिट लागतात: 4 दिवसा, 6 संध्याकाळनंतर. हे वेळापत्रकही बारा महिने सारखं नसतं. रमजानमध्ये आमच्या घरी सहरीसाठी पहाटेच दिवे लागतात. तालमीत हे सगळं यायला हवं.

दुपारी 8 युनिट उरले. नेट मीटरिंगमध्ये दिलेल्या युनिटामागे घेतलेला युनिट वजा होत असेल, तर महावितरणच्या तारा हीच आपली बॅटरी. खरी बॅटरी भरता-वापरताना दहाएक टक्के वीज गमावते. तिच्यामुळे बिल आणखी उतरत नाही. मात्र केंद्राच्या 2023 च्या नियमांनी उन्हाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत जास्त ठेवण्याची दिशा दिली. असे दर जिथे लागू होतात, तिथे दुपारची वीज संध्याकाळसाठी राखणं फायद्याचं ठरू शकतं.

दुसरं कारण वीज जाण्याचं. बाहेरची वीज गेली की साधा सौर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. ऊन डोक्यावर आणि पंखा थांबलेला! खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही सोय. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल, तर घर तारांपासून सुटं होऊन चालू राहतं.

पण बॅटरी वापरायची कशी? पाच युनिटांची बॅटरी रोज संध्याकाळी रिकामी केली, तर रात्री वीज गेल्यावर काळोखच. दोन युनिट राखले, तर दोन पंखे आणि चार दिवे, मिळून 200 वॅट, साधारण दहा तास चालतील. बॅटरी तीच, नियम बदलला की रात्र बदलते.

म्हणून विक्रेत्याला विचारा: हिशेबात माझ्या घराचा वापर धरलाय का? मे आणि पावसाळा वेगळे मांडलेत का? राखीव किती ठेवलंय? तालमीत चुकलेलं सुधारता येतं. कर्ज काढून चुकलं, तर हप्ते कुणाला चुकत नाहीत.