केबिनमध्ये पाणी गळतंय? ट्यूब आणायच्या आधी भोक शोधा



व्हिडिओत मी पिकअपच्या टपावर पाईप धरून उभा आहे आणि आमचे ड्रायव्हर काका आत टॉर्च घेऊन बसलेत. बघून वाटेल, बिझनेसच्या चॅनेलवर हे गॅरेजचं काय काढलं? सांगतो. मागच्या पावसाळ्यात या गळतीने माझं १८,४०० रुपयांचं बिल अडकवलं होतं.

कात्रपला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. मिठाईचे बॉक्स, बबल रोल, टेप. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा सीझन. मागच्या मालाला पाणी लागू नये म्हणून आपण दोन-दोन ताडपत्र्या बांधतो. आणि ज्या कागदावर त्या मालाचे पैसे मिळणार, ती चलनाची वही कुठे? केबिनमध्ये, डाव्या बाजूला पायाशी, कापडी पिशवीत. त्या दिवशी काकांनी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून परत येऊन पिशवी उचलली, तर खालून पाणी टपकतंय. पार्टीची सही, शिक्का, सगळा निळा डाग. पुढच्या आठवड्यात पार्टी म्हणाली, "माल कमी आला होता, सही दाखवा." काय दाखवणार?

बरं, गाडी गळते हे माहीत नव्हतं का? होतं ना. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब दिसायचे, म्हणून मी काचेच्या बीडिंगवर सिलिकॉनची ट्यूब मारली. थांबलं नाही. दुसरी मारली. तिसऱ्या वेळी गॅरेजवाल्याकडून मारून घेतली. पावसात सुकेना म्हणून गाडी दोन दिवस उभी, डिलिव्हरीला भाड्याची गाडी, त्याचे पाच हजार. आणि काच मुळात गळतच नव्हती!

पाणी जिथे टपकतं तिथूनच ते आत येतं असं नाही. टपावरून शिरलेलं पाणी छताच्या आतल्या कापडावरून, पत्र्याच्या घडीतून चार फूट प्रवास करून काचेच्या कोपऱ्यात उतरतं. म्हणून आधी ट्यूब नाही, आधी वही-पेन. पाणी कधी येतं ते लिहा. उभ्या गाडीत येतं की चालताना? गाडी कुठल्या बाजूला कललेली असते? आमचे काका सांगत होते, बदलापूरच्या उड्डाणपुलावरून उतरताना ब्रेक मारला की आरशाजवळून धार लागते. मी लक्षच दिलं नाही. ब्रेक मारल्यावर पाणी पुढे येतं म्हणजे ते छतात साठलेलं आहे. गाडी वापरणारा माणूस निम्मं निदान करून देतो, फक्त विचारावं लागतं. आणि कोरड्या दिवशी एसी चालू असताना पायाशी ओल आली, तर तो पाऊस नाहीच, एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे.

मग कोरडा रविवार बघा. मॅट काढा, खालचा फेल्ट उचलून पूर्ण वाळवा. फ्यूज बॉक्सपर्यंत ओल गेली असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, यात आळस नको. आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, कडांना टाल्कम पावडर मारा. पाण्याचा ओघळ पावडरीत लगेच दिसतो. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर साधा बागेचा पाईप घेऊन. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन वापरू नका, त्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसता. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. एका जागी पाच मिनिटं, मग पुढे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं, काही कळत नाही. आम्हाला दोन तास लागले, त्यातला अर्धा तास "आलं का?" "नाही!" यातच गेला.

आमच्याकडे दोन ठिकाणं निघाली.

पहिलं, वायपरखालची जाळी. तिथून बाहेरची हवा ब्लोअरमध्ये जाते आणि पावसाचं पाणी बाजूच्या नळीतून खाली पडतं. माझी गाडी दुकानासमोर गुलमोहराखाली लागते. सावली फुकट, पण त्याची बारीक पानं जाळीतून आत जातात आणि चिखल होऊन नळी बंद करतात. पाणी तुंबलं की ब्लोअरच्या तोंडातून डाव्या पायाशी. तिथेच आमची पिशवी! वायर घालून नळी मोकळी केली, खर्च शून्य.

दुसरं सांगायला लाज वाटते. ताडपत्री आणि दोर ठेवायला मीच टपावर कॅरियर बसवून घेतला होता. फॅब्रिकेटरने टपाला चार भोकं पाडली, बोल्ट आवळले, मी पैसे दिले. वॉशरखाली रबर आहे का, हे ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं. दीड वर्षात गंज धरला. छताचं कापड मागे सारलं तर चारही बोल्टभोवती तपकिरी वर्तुळं.

दुरुस्ती अशी केली: बोल्ट काढले, गंज पॉलिश पेपरने घासला, प्रायमर मारला, वाळू दिला. मग पीयू सीलंट, रबरी वॉशर, त्यावर रुंद लोखंडी वॉशर, आणि सीलंट ओलं असतानाच बोल्ट आवळले. एक रात्र छपराखाली. सिलिकॉन का नको? व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं, त्यावर रंग बसत नाही आणि नंतर दुसरं सीलंटही धरत नाही. माझ्या तीन ट्यूबा खरवडायलाच तास गेला. मळून लावायची पुट्टीसुद्धा चालत्या गाडीच्या हादऱ्याने तडकते.

तुमची गाडी दुसरीकडून गळत असेल. दरवाज्याचं रबर तपासायचं तर दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर रबर बसलंय. मागच्या काचेचं रबर, इंजिनकडून वायरिंग आत येते तिथलं रबर, हेही बघा. आणि दाराबद्दल एक गैरसमज फार आहे. दाराच्या पोकळीत पाणी जातंच, ते तसंच बनवलेलं असतं. खाली भोकं ठेवलेली असतात, तिथून निघून जातं. आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद असतो, तो स्पीकर बसवताना फाडला की पाणी केबिनमध्ये. तो ब्युटाईल टेपने चिकटवा. खालची भोकं "गळतात" म्हणून बुजवणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं दार आतून कुजतं.

इन्शुरन्समध्ये मिळेल का, हे हमखास विचारतात. जुनं झालेलं रबर ही झीज, ती पॉलिसीत बसत नाही. अपघाताच्या क्लेममध्येसुद्धा रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर साधारण ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप घेतलं नसेल तर. गाडी पुरात बुडणं हे वेगळं प्रकरण. २००५ आणि २०१९ चा जुलै बदलापूरकरांना सांगायला नको. अशा गाडीला चावी लावू नका, फोटो काढा आणि आधी कंपनीला कळवा.

आरसी, लायसन्स डिजीलॉकरमध्ये चालतं, ते भिजलं तरी धंदा थांबत नाही. सही केलेलं चलन मात्र एकच असतं.

माझा हिशोब: पीयू ट्यूब, वॉशर, प्रायमर, छताचं कापड परत बसवायची मजुरी, सगळे मिळून ९०० रुपये. १८,४०० पैकी १५,००० आले, तेही दिवाळीनंतर. बाकीचे सोडले, पार्टी तुटू नये म्हणून. आता सही झाली की काका तिथेच फोटो काढून दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर टाकतात आणि वही झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जाते. गाडी अजून गुलमोहराखालीच लागते. जून ते सप्टेंबर दर रविवारी जाळी उचलून पानं काढायचं काम माझ्याकडे आहे.