गाण्याचाही सातबारा हवा

चौक (ता. खालापूर) : गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. जात्याबरोबर ओवीही मागे पडली. भातलावणीची गाणी, लग्नातले धवले, ठाकरवाड्यांवरच्या कांबडनाचाची गाणी यांची गत वेगळी नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री आपल्या चौक हद्दीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माणसं गेली, आणि त्यांच्या तोंडी जे होतं तेही गेलं. जे कुठंच उतरवलेलं नाही, ते परत मिळत नाही.

हे काम गावकऱ्यांना जमणार नाही असं म्हणू नका. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. हजारावर गावांतल्या बायांच्या त्या ओव्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर लावल्या आणि त्यांतल्या काही ध्वनिमुद्रितही केल्या. 2017 पासून 'पारी' ही संस्था त्या गायिकेच्या नावागावासह लोकांपुढे ठेवते आहे.

आता लावायचं कसं? तलाठ्याचं दप्तर आठवा. सातबारा जमिनीचा, आठ-अ खातेदाराचा. तसंच इथं करा. प्रत्येक गाण्याला एक क्रमांक, आणि त्याखाली गाव-वाडी, गाणारीचं नाव, प्रसंग, तारीख, शब्द. चालींचं खातं वेगळं. एकाच चालीवर पन्नास गाणी असतात. चालीला स्वतःचा क्रमांक दिलात तर ती पन्नास एका पानावर दिसतात. गाण्याच्या नावावरून लावू नका, कारण पहिली ओळ वाडीगणिक बदलते.

चाल लिहायला आपली सारेगम पुरे. भातखंडे पद्धतीत वरच्या सप्तकाला स्वराच्या डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी टिंब. मोबाईलवर ती टिंबं नीट उमटत नाहीत. विलायतेतल्या 'एबीसी' लिपीने यावर साधा तोड काढलाय : वरच्या सप्तकाला स्वरापुढे वरचं एकेरी चिन्ह, खालच्याला स्वल्पविराम. सगळं साध्या अक्षरांत, म्हणून शोधायला सोपं. तिथल्या हजारो लोकचाली अशाच लिहून ठेवल्यात. खूण कुठलीही घ्या, पण सगळ्या वाड्यांनी एकच घ्या. नाहीतर एकाचं दुसऱ्याला लागणार नाही.

स्वर कोण काढणार? भजनी मंडळाचा पेटीवाला काढील. मात्र पेटीच्या पट्ट्यांत गळ्याची लकब पुरती बसत नाही. म्हणून आवाजही ठेवाच, त्याच क्रमांकाने. प्रती तीन करा : एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेर.

सरपंच, ग्रामसेवक, हा विषय येत्या ग्रामसभेत घ्या. आणि बंधूंनो, घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन, आज रात्रीच पहिलं गाणं उतरवा. तिचं नाव लिहायला विसरू नका. गाणं तिचं आहे.