तीन पिसे आणि १२० अंश

बाणाच्या शेपटीला पिसे का लावतात? वर्गात हा प्रश्न विचारला, की ‘बाण सरळ जावा म्हणून’ असे उत्तर चटकन येते. उत्तर बरोबर आहे. पण पिसे बाणाला सरळ कशी नेतात आणि ती हाताने अंदाजाने चिकटवली तर काय बिघडते, हे पाहिले म्हणजे एका साध्या साधनाचे महत्त्व पटते. त्या साधनाला ‘जिग’ म्हणतात. कारखान्यात भोक नेमक्या जागी पाडण्यासाठी वस्तू पकडून ठेवणारे जे साधन वापरतात, त्याचेही नाव जिगच!

पिसांचे काम

बाणाचे टोक जड असते, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य टोकाकडे सरकलेला असतो. पिसे मात्र हलकी आणि पसरट असतात. समजा, उडताना बाण किंचित तिरका झाला. लगेच हवेचा दाब पिसांच्या पसरट बाजूवर पडतो आणि शेपटी मूळ रेषेत ढकलली जाते. पिसे गुरुत्वमध्यापासून जितकी दूर, तितका हा फिरवणारा परिणाम अधिक. हा तरफेचाच नियम आहे. छपरावरचा वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो, तोही याच कारणाने.

मग पिसे तीनच का? समोरासमोर दोन पिसे लावली, तर ती एकाच प्रतलात येतात. त्या प्रतलात बाण कलला, तर हवेला अडायला पसरट बाजूच मिळत नाही. १२० अंशांच्या अंतराने तीन पिसे लावली, की बाण कोणत्याही बाजूला कलो, त्याला सावरणारे पीस असतेच. ही गोष्ट माणसाला फार पूर्वी उमगली होती. आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाजवळ दोन पूर्ण तयार बाण होते. त्यांना तीन-तीन पिसे होती. ती भूर्जाच्या सालीच्या डांबराने चिकटवून वर बारीक धागा गुंडाळलेला होता.

हात कोठे चुकतो?

आता थोडे गणित करू. बाणाच्या दांडीचा व्यास ८ मि.मी. धरा. परीघ झाला सुमारे २५ मि.मी. म्हणजे पीस बाजूला फक्त १ मि.मी. सरकले, तरी १४ अंशांची चूक होते! दुसरी चूक लांबीच्या दिशेची. १० से.मी. लांबीच्या पिसाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा पावणेदोन मि.मी. बाजूला गेले, की पीस एक अंशाने तिरपे झाले. बाणाने स्वतःभोवती फिरावे म्हणून पिसे मुद्दाम एक-दोन अंश तिरपी बसवतात खरी. पण तिन्ही एकाच दिशेने आणि सारखीच तिरपी हवीत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी. सगळे बाण सारखेच डावीकडे जात असतील, तर तिरंदाज नेम थोडा उजवीकडे धरून चूक भरून काढील. परंतु प्रत्येक बाण निराळ्या दिशेला जाऊ लागला, तर त्याने नेम बदलायचा तरी कसा? साताऱ्याच्या आदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. त्या प्रकारात लक्ष्य ५० मीटरांवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ से.मी. असतो. केंद्रापासून त्याच्या कडेपर्यंतचा कोन एका अंशाच्या विसाव्या भागाहूनही लहान भरतो. तेथे सगळे बाण एकसारखेच हवेत, आणि तो एकसारखेपणा जिग देते.

जिग कशी असते?

जिगचे मुख्य भाग तीन. पहिला, बाणाची खाच बसवण्याची खोबणी. ती फिरवली, की दर १२० अंशांवर अडते. दुसरा, पीस धरणारा लांब चिमटा. तिसरा, या दोहोंना पक्के धरणारा सांगाडा. काही जिग तिन्ही पिसे एकदम बसवतात. त्याने वेळ वाचतो. पण एकाच चिमट्याच्या जिगमध्ये निदान चिमट्याचा दोष तिन्ही पिसांना सारखाच लागतो. खरी पिसे जन्मतः वक्र असतात. डाव्या पंखाच्या पिसांचा बाक एकीकडे, उजव्याचा दुसरीकडे. म्हणून एका बाणावर दोन्ही मिसळत नाहीत.

जिग निवडताना एक सोपी परीक्षा घ्यावी. चिमट्याच्या कडेने दांडीवर पेन्सिलीची रेघ ओढा, खोबणी पूर्ण एक फेरा फिरवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या, तर जिग चांगली.

करून पाहा

८ मि.मी. जाडीची सरळ, बोथट काडी आणि १० मि.मी. बोल्टाचे दोन षटकोनी नट घ्या. काडीवर कागद गुंडाळून नट घट्ट बसवा, एक शेपटीकडे आणि एक पुढे. दोन्ही नट टेबलावर सपाट टेकले पाहिजेत. नटाच्या बाजूंना १ ते ६ आकडे घाला. काडीपासून दीड से.मी. दूर, काडीहून किंचित उंच अशी वह्यांची चळत ठेवा. तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवून पुढे सरकवा, म्हणजे त्याची उभी कड काडीच्या बरोबर मध्यावर येईल. जाड कागदाची ५ से.मी. लांब, १ से.मी. उंच पाती कापा. चिकटवण्यासाठी खाली ३ मि.मी. दुमड ठेवा. दुमड तिन्ही पात्यांना एकाच बाजूस हवी. पाते ठोकळ्याला टेकवून चिकटवा. बाजू १ खाली असताना पहिले पाते, मग ३ आणि शेवटी ५. झाली तुमची जिग! गोंद वाळल्यावर नट काढून घ्या.

अशा तीन काड्या जिगने आणि तीन नुसत्या नजरेने तयार करा. मग मागून पाहत कोनमापकाने प्रत्येक काडीवरचे तीन कोन मोजा. नऊ कोन एका रकान्यात आणि नऊ दुसऱ्यात लिहा. कोणत्या रकान्यातले आकडे १२० च्या जवळ राहतात आणि कोणत्या रकान्यातले विखुरतात, ते पाहा.