मीटरला एक मिलिव्होल्ट

रिमोटमधला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि त्याची दोन टोकं दीड किलोमीटरवर ताणली आहेत असं समजा. मधल्या प्रत्येक मीटरच्या वाट्याला जेमतेम एक मिलिव्होल्ट येईल. चुंबकीय विषुववृत्तावर, जमिनीपासून तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्य मावळताना साधारण एवढंच विद्युतक्षेत्र असतं. तेवढ्या जोरावर तिथला सगळा प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन यांचं मिश्रण, सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे तासाला शंभरावर किलोमीटर वेगाने वर चढतो!

हा प्लाझ्मा विरळ तरी किती? ऐन दाट थरातही घनसेंटिमीटरमागे दहा लाख इलेक्ट्रॉन. आपल्याभोवतीच्या तेवढ्याच हवेत रेणू असतात पंचविसावर अठरा शून्यं इतके. त्या थरातल्या एका घनकिलोमीटर प्लाझ्माचं वजन भरतं सुमारे २७ मिलिग्रॅम.

अशा जवळजवळ नसलेल्या पदार्थाचा वेग मोजायचा कसा? २००८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने सोडलेल्या सी/नॉफ्स उपग्रहावरची युक्ती मला फार आवडते. उपग्रह पळायचा सेकंदाला साडेसात किलोमीटरने. ऑक्सिजनच्या आयनांची स्वतःची धावपळ असते सेकंदाला एखाद किलोमीटरची, त्यामुळे ते समोरूनच आत घुसायचे. पुढे एक चौकोनी छिद्र, मागे चार तुकड्यांची धातूची थाळी. प्लाझ्मा स्थिर असेल तर चारही तुकड्यांवर सारखाच प्रवाह. तो तीस मीटरच्या वेगाने वर चढत असेल तर आयन पाव अंशाने तिरके यायचे, आणि चार प्रवाहांतल्या फरकावरून तेवढा तिरकेपणाही कळायचा.

सूर्यास्तानंतर खालचा थर झपाट्याने विरतो. वर दाट, खाली विरळ अशी डळमळीत रचना उरते आणि खालची पोकळी बुडबुड्यासारखी वर उसळते. आतली घनता शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्शावर येते. बुडबुड्याची रुंदी शंभर किलोमीटरपर्यंत, उंची कधी हजाराच्याही वर. उपग्रह तो तेरा-चौदा सेकंदांत पार करायचा. पन्हाळ्यावरच्या आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र तेच बुडबुडे दक्षिणोत्तर काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात, रात्रभर पूर्वेकडे सरकणारे. त्या पट्ट्यांमागची आकाशाची मंद लाल झाक डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते.

जीपीएसचा संदेश याच थरातून येतो. सूर्य जोमात असताना भारतावर त्याला लागणारा उशीर सोळा मीटरच्या चुकीएवढा होऊ शकतो. तो उशीर दुरुस्त करता येतो. बुडबुड्याच्या काठावर मात्र संदेश इतका थरथरतो की रिसीव्हरची पकडच सुटते.

सी/नॉफ्स सोडला होता तो याच गडबडीचा आधी अंदाज यावा म्हणून. पण २००८ साली सूर्य कमालीचा शांत होता. रात्री ६४० किलोमीटरपर्यंत पोचेल असं वाटलेलं आयनांबर, म्हणजे हे प्लाझ्माचं आवरण, ४२० किलोमीटरवरच संपत होतं, आणि संध्याकाळी अपेक्षित असलेल्या खोल पोकळ्या उपग्रहाला सापडत होत्या पहाटे.